बर्फ शिरेवर नको, शिरेच्या थोडा वर

*ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे तिच्या अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही. दर तीन आठवड्यांनी गुरुवारी तिला रक्त चढवायला नेतो. आधी ती गप बसायची, पण गेल्या दिवाळीपासून बुधवारी संध्याकाळीच तिचं पोट दुखायला लागतं. गुरुवारी दवाखान्याचं गेट दिसलं की माझी ओढणी मुठीत घट्ट धरते. कोणीतरी सांगितलं की सुई टोचायच्या आधी बर्फ लावला तर दुखत नाही. मी थर्मासमधून बर्फ नेला. पहिल्यांदा एका सिस्टरनी लावू दिला, आणि त्या दिवशी ती खरंच कमी रडली. पुढच्या खेपेला दुसऱ्या सिस्टर होत्या. त्या म्हणाल्या, "बर्फ लावून शीर घालवलीत तुम्ही." तीनदा टोचावं लागलं. सासूबाई म्हणतात, एवढे लाड कशाला, तिला जन्मभर सुयाच आहेत, सवय होऊ दे. मला सांगा, बर्फाचा खरंच उपयोग होतो का? काही अपाय होतो का? आणि दवाखान्यात हे बोलायचं कसं?*
*— एक आई, सातपूर*

ताई, त्या दोन्ही सिस्टरांचं बरोबर होतं. पहिल्या वेळी तुमची लेक कमी रडली ती बर्फामुळेच, आणि दुसऱ्या वेळी शीर सापडली नाही तीही बहुधा बर्फामुळेच. गारवा एकाच वेळी दोन कामं करतो. कातडी बधिर होते आणि कातडीखालची शीर आक्रसते. दंडात किंवा मांडीत द्यायच्या इंजेक्शनला शिरेशी काही देणंघेणं नसतं, तिथे बर्फ थेट टोचायच्या जागी ठेवला तरी चालतं. पण रक्त चढवायचं म्हणजे सलाईनची सुई शिरेत जायला हवी, आणि त्यासाठी शीर चांगली फुगलेली हवी. तिथे बर्फ कुठे धरला, किती वेळ धरला आणि कशाच्या आधी धरला, यावर सगळं अवलंबून आहे.

मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून काम केलं, त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मुलांच्या वॉर्डात. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. ओढणी मुठीत धरण्याचं वाक्य वाचलं आणि तशा कितीतरी मुठी डोळ्यांपुढे आल्या.

पण बर्फाला हात लावण्याआधी एक काम करा. फाइल काढा आणि निदान झालं तेव्हाचा एचपीएलसीचा, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणाऱ्या तपासणीचा रिपोर्ट शोधा. त्यावर नुसतं बीटा थॅलेसेमिया मेजर लिहिलंय, की सिकल-बीटा थॅलेसेमिया असं जोडनाव आहे? नीट वाचा, कळलं नाही तर डॉक्टरांना विचारा. सिकलसेल असलेल्या मुलाला बर्फ लावायचा नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आक्रसतात, विळ्यासारख्या वाकलेल्या तांबड्या पेशी तिथे अडकतात आणि डॉक्टर ज्याला क्रायसिस म्हणतात ते भयंकर दुखणं सुरू होऊ शकतं. हे मी मुद्दाम विस्ताराने सांगते आहे. आपल्या नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या पट्ट्यात सिकलसेलची कुटुंबं आहेत, आणि रक्त चढवायच्या दिवशी दोन्ही आजारांची मुलं एकाच वॉर्डात शेजारी-शेजारी झोपलेली असतात. तुमच्या लेकीला बर्फाने बरं वाटलं हे बघून शेजारच्या खाटेवरची आई पुढच्या खेपेला बर्फ आणेल. तिला आधी विचारा, तपासणीचं कार्ड काय सांगतं. २०२३ मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून गावोगावी तपासणी होते आहे, बऱ्याच जणांकडे ते कार्ड असतं, फक्त ते दप्तराच्या किंवा ट्रंकेच्या तळाशी गेलेलं असतं.

सिकलसेल नसला तरी आणखी काही माणसांनी बर्फापासून लांब राहावं. गार पाण्याने ज्यांच्या अंगावर गांधी उठतात, थंडीत ज्यांची बोटं पांढरी-निळी पडतात, जुन्या मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायाची जाणीव कमी झाली आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या मुलांमध्ये कधीकधी रक्तपेढी 'कोल्ड अँटिबॉडी', म्हणजे गारव्यात तांबड्या पेशींना चिकटणारी प्रतिद्रव्यं आहेत, असा शेरा देते. तुमच्या फाइलीत तो असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ नको. यातलं काहीही नसेल, तर पुढे वाचा.

गारव्याने दुखणं कमी का होतं, हे तुम्हाला कळलं तर तुम्ही तो योग्य जागी धराल. सुई टोचल्याचा निरोप कातडीतल्या बारीक मज्जातंतूंमधून मेंदूकडे जातो. कातडी गार पडली की हे तंतू मंदावतात, निरोप उशिरा आणि कमी जोराने पोचतो. दुसरी गोष्ट, गार लागल्याचे, दाबल्याचे, चोळल्याचे निरोपही त्याच वाटेने वर जात असतात. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या दोघांनी १९६५ मध्ये असं मांडलं की मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं. दुसऱ्या निरोपांची तिथे गर्दी झाली की वेदनेच्या निरोपाला आत शिरायला जागा कमी मिळते. कोपर दाराच्या कडीवर आपटलं की आपण न सांगता ते चोळायला लागतो, ते यासाठीच.

युक्ती तशी फार जुनी. १८०७ च्या हिवाळ्यात आयलाऊच्या लढाईत नेपोलियनचा शल्यवैद्य लारे याच्या लक्षात आलं की गोठवणाऱ्या थंडीत बधिर झालेले हातपाय कापताना सैनिकांना फारसं दुखत नाही. त्यानंतर चाळीसएक वर्षांनी इंग्लंडमध्ये जेम्स आर्नॉट हे डॉक्टर बर्फात मीठ मिसळून ते मिश्रण कातडीवर ठेवायचे आणि मग चाकू चालवायचे. बर्फ आणि खडे मीठ, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात अंगणात पॉटचं आइस्क्रीम करताना बादलीत भरतो तेच. पॉट फिरवताना बाहेरच्या मिठाच्या पाण्यात बोट बुडवून बघितलं असेल तर आठवेल, साध्या बर्फापेक्षा ते कितीतरी जहाल असतं. शून्याच्या खाली वीसएक अंशांपर्यंत उतरतं. म्हणून मीठ-बर्फ मुलीच्या हाताला कधीही लावू नका. अशाने कातडी भाजल्यासारखी जळते आणि फोड येतात.

याच कारणाने फ्रीझरमधून काढलेली निळी जेलची पिशवी मला आवडत नाही. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो, आणि ती पिशवी थेट कातडीवर ठेवली तर सात वर्षांच्या मुलीच्या पातळ कातडीला ते जास्त होतं. वितळत असलेला बर्फ शून्यावर असतो, त्यापेक्षा खाली जात नाही. म्हणजे पाणी सुटलेला बर्फ हाच सुरक्षित बर्फ. तुमचा थर्मास उत्तम आहे, फक्त त्यात थोडं पाणी घाला. त्या बर्फाच्या पाण्यात स्टीलचा चमचा बुडवून ठेवला तर तोही छान चालतो. त्याची पाठ गोल असते, हातावर बसते, ठिबकत नाही.

माझ्या अनुभवात मुलांना सगळ्यात पटलेली गोष्ट मात्र पेप्सीकोला. शाळेबाहेर मिळतो तो, प्लॅस्टिकच्या नळीतला रंगीत बर्फ. लांबट असतो, मुलाच्या हातावर आडवा बरोबर बसतो, आणि मुख्य म्हणजे मुलाला तो ओळखीचा असतो. दवाखान्यातल्या सगळ्या वस्तूंमध्ये ती एकच वस्तू त्याच्या बाजूची असते. घरून निघताना ओल्या पातळ रुमालात गुंडाळून डब्यात ठेवा. सातपूरहून पोचेपर्यंत तो कडेने सुटायला लागतो, तेव्हा नेमका हवा तसा होतो.

आता धरायचा कसा ते सांगते. आधी ऊब, मग गार. ऊब न देता आधीच गार लागलं म्हणून बहुधा तुमच्या दुसऱ्या खेपेला तीनदा टोचावं लागलं.

गुरुवारी सकाळी उठल्यापासून तिला घोट-घोट पाणी पाजत राहा. दूध, ताक, काय पीत असेल ते. रक्त घ्यायच्या दिवसांत ही मुलं फिकट असतात, मलूल असतात, पाणी कमी पितात, आणि शिरा आणखी दडतात. आणि आपल्या नाशिकची थंडी विसरू नका. निफाडचा पारा खाली आल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत सकाळी आठला स्कूटरवर पुढे उभी राहून आलेल्या मुलीचा हात बर्फाइतकाच गार असतो. अशा हाताला आणखी बर्फ लावला तर सिस्टर बिचारी शोधणार काय? डिसेंबर-जानेवारीत हातमोजे घाला, पोचल्यावर दहा मिनिटं उन्हात बसा, गरम पाण्याची छोटी बाटली टॉवेलात गुंडाळून तिच्या हातावर ठेवा. हात खाली सोडून हलवायला सांगा. मग सिस्टरना शीर शोधू दे.

शीर सापडली की सिस्टरना विनंती करा, दंडाला आवळून बांधलेली पट्टी सोडा आणि पेनाने शिरेच्या दोन्ही बाजूंना छोटी खूण करा. त्यानंतर पेप्सीकोला किंवा चमचा काढा, आणि तो खुणेवर नको, खुणेच्या वर धरा. वर म्हणजे कोपराच्या दिशेला, तुमच्या दोन-तीन बोटांच्या अंतरावर. टोचायची जागा आणि मेंदू यांच्या मध्ये गारवा असावा, एवढं डोक्यात ठेवा. एक ते दोन मिनिटं पुरतात. तिला आधी गार लागेल, मग चुरचुरेल, मग म्हणेल की काही कळत नाही. 'काही कळत नाही' म्हणाली की झालं. जळतंय म्हणाली किंवा कातडीवर पांढरा डाग दिसला तर लगेच काढा. पाच मिनिटांच्या वर कधीच धरू नका.

नंतर हात कोरड्या कापडाने पुसा. सिस्टर पट्टी बांधतील, स्पिरिटचा बोळा फिरवतील, आणि स्पिरिट पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं. स्पिरिट ओलं असताना सुई गेली की आग होते, आणि मुलांना ते सुईचंच दुखणं वाटतं. अर्धा मिनिट लागतो वाळायला. या अर्ध्या मिनिटात बर्फाचा परिणाम उतरायला लागतो, म्हणूनच तो वरच्या बाजूला धरायचा. वर धरला तर टोचेपर्यंत काढावा लागत नाही, खालची साफ केलेली जागाही ओली होत नाही. पुसून झाल्यावर त्या जागेला बोट लावू नका, पाण्याचा थेंबही पडू देऊ नका. तुमच्या बर्फाचं पाणी जंतुविरहित नसतं.

शीर फारच नाजूक असेल आणि सिस्टर म्हणाल्या की या हाताला गार नको, तर वाद घालू नका. दुसऱ्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसल भागावर बर्फ फिरवा. डायलिसिसच्या रुग्णांवर ही पद्धत वापरून पाहिली गेली आहे आणि त्यांना फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेच्या, सुया कमी दुखल्याचं दिसलं आहे. डायलिसिसवाल्यांचा विषय निघालाच आहे तर सांगते, फिस्टुला असलेल्या हातावर बर्फ ठेवायचा नाही, रक्ताची गाठ होण्याची भीती असते. त्यांनी बर्फ दुसऱ्या हातावरच फिरवावा.

आता सासूबाईंबद्दल. त्यांच्यावर रागावू नका. तीन आठवड्यांनी एकदा म्हणजे वर्षाला १७ वेळा. तुमची लेक १८ वर्षांची होईपर्यंत १९० च्या घरात सुया होतील, आणि तेही प्रत्येक वेळी पहिल्याच टोचण्यात काम झालं तर. हा आकडा त्यांच्याही पोटात कालवाकालव करत असणार. सवय होऊ दे म्हणतात त्या घाबरूनच म्हणतात. पण तुमच्या पत्रातच उत्तर आहे ना? आधी गप बसायची, आता बुधवारी पोट दुखतं. सवय होत असती तर दिवाळीनंतर त्रास कमी व्हायला हवा होता. मुलांचं सुईच्या बाबतीत असंच होतं. एकेक वाईट दिवस साठत जातो, भीतीने हातपाय गार पडतात, शिरा आक्रसतात, जास्त टोचावं लागतं, आणि पुढच्या वेळी भीती आणखी वाढलेली असते. सासूबाईंना विचारा, नातीचे कान टोचले तेव्हा पाळीला काही गार लावलं होतं का. आपल्याकडे कितीतरी आज्या सराफ बाजारात जाताना पाळीला बर्फ लावून नेतात. त्याला कोणी लाड म्हणत नाही.

माझ्याकडून घडलेली एक गोष्ट सांगते. नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी एक पाच वर्षांचा मुलगा होता, रक्तासाठीच यायचा. एका दुपारी शीर मिळेना. त्याच्या वडिलांनी पाय धरले, एका वॉर्डबॉयने खांदे धरले, दुसऱ्या सिस्टरने हात दाबून धरला आणि मी टोचत होते. पाचव्या वेळी सुई गेली. मला घाम फुटला होता, आणि खरं सांगते, सुई गेल्यावर मला बरं वाटलं, काम झालं म्हणून. तीन आठवड्यांनी तो आला. मी कॉरिडॉरमधून दुसरीकडेच चालले होते, माझ्या हातात सुई नव्हती, फक्त चादरी होत्या. त्याने मला पाहिलं आणि उभ्या-उभ्या त्याची चड्डी ओली झाली. त्याच्या आईने माझ्याकडे बघितलं नाही, ती त्याला पुसत बसली. त्या वॉर्डात फ्रिज होता. फ्रिजमध्ये बर्फ होता. मी ज्या खाटेपाशी उभी राहून पाचदा टोचलं तिथून तो फ्रिज वीस पावलांवर होता. आम्हा चौघांपैकी एकालाही सुचलं नाही. तेव्हा आम्ही शीर मिळवायला शिकलो होतो, दुखणं कमी करणं हाही कामाचा भाग आहे असं आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं.

म्हणून दवाखान्यात बोलताना असं समजू नका की तुम्ही काही उपकार मागताय. पण वेळ बघून बोला. सकाळची गर्दी असते, एका सिस्टरपुढे आठ-दहा मुलं असतात. टोचायच्या क्षणी थर्मास उघडला तर कोणीही चिडेल. त्याऐवजी केसपेपर देतानाच सांगा, "सिस्टर, शीर तुम्ही आधी बघून खूण करा, मग मी दोन मिनिटं वरच्या बाजूला गार धरते, तोवर तुम्ही दुसऱ्या मुलाचं करा." सिस्टरचा वेळ जात नाही हे दिसलं की नकार क्वचितच येतो. दुसरी विनंती, दोनदा प्रयत्न करून शीर मिळाली नाही तर थांबून दुसऱ्या अनुभवी हाताला बोलवावं. ही मागणी रास्त आहे, कितीतरी ठिकाणी तसा नियमच असतो. आणि तिसरी, क्रॉसमॅचचं (रक्त जुळतं का ते बघायचं) सॅम्पल, फेरिटीन (अंगात साठलेल्या लोहाची तपासणी), जे काही रक्त काढायचं असेल ते शक्य तिथे एकाच टोचण्यात बसवता येईल का, हे आदल्या खेपेलाच विचारून ठेवा. एक सुई वाचवणं हे शंभर बर्फांहून चांगलं.

कोणत्या सिस्टर त्या दिवशी ड्यूटीवर असतील हे तुमच्या हातात नाही, म्हणून डॉक्टरांकडून केसपेपरवर एक ओळ लिहून घ्या: 'सुईपूर्वी थंड शेक चालेल.' वॉर्डात लिहिलेल्या ओळीला मान असतो.

मुलीशी काय बोलायचं? 'दुखणार नाही' असं एकदाही म्हणू नका. बर्फ लावूनही थोडं टोचतंच. ते वाक्य खोटं ठरलं की पुढच्या वेळी तिचा बर्फावरही विश्वास राहणार नाही आणि तुमच्यावरही. "आधी गार लागेल, मग सिस्टर टोचतील, तेव्हा चिमटा बसेल, मी तुला धरून बसलेली असेन," एवढं पुरे. तिला आडवी झोपवून दाबून धरण्यापेक्षा तुमच्या मांडीवर, छातीशी, बसती धरा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये लसीकरणाच्या दुखण्याबद्दल जे सांगितलं त्यातही बाळाला आई-वडिलांनी धरावं आणि मोठ्या मुलांना बसवून टोचावं असंच आहे. कागदाची भिंगरी करून न्या. सुई जाताना तिला फुंकर मारून भिंगरी फिरवायला सांगा. लांब फुंकर मारताना अंग आपोआप सैल पडतं.

बर्फ सोडून आणखी काय आहे, असंही तुमच्या मनात येईल. मैदानावर खेळाडूंच्या पायावर फवारतात तसा स्प्रे इंजेक्शनसाठीही असतो. तो उडून जाताना कातडी झटकन गार करतो, काही सेकंदांत जागा बधिर होते, पण परिणाम मिनिटभरच टिकतो. काही मुलांना त्या फवाऱ्याचा चटकाच सुईइतका झोंबतो. त्यातल्या इथिल क्लोराइडच्या स्प्रेला ज्योत लागू शकते. तो दवाखान्यातच, त्यांच्या हातून वापरावा. अमेरिकेतल्या एमी बॅक्स्टर या मुलांच्या डॉक्टरांनी मधमाशीच्या आकाराचं एक थरथरणारं यंत्र काढलं आहे, त्याचे पंख बर्फाचे असतात. तेही टोचायच्या जागेच्या वरच्या बाजूलाच बांधतात. ते मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तरी अडत नाही. बर्फ धरतानाच तुम्ही त्या जागेच्या वर अंगठ्याने हलकेच चोळत राहिलात तर त्याच फाटकावर गर्दी होते.

बधिर करणारं मलम मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. लिग्नोकेन आणि प्रिलोकेन असं दोन्ही असलेलं मलम सुईच्या साधारण तासभर आधी लावून वर प्लॅस्टिकचं झाकण चिकटवतात. वारंवार सुया लागणाऱ्या मुलांना त्याचा उपयोग होतो. पण ते मनाने आणून लावू नका. प्रिलोकेनमुळे क्वचित रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते, आणि तुमची लेक त्या दिवशी आधीच कमी हिमोग्लोबिनवर असते. किती लावायचं, कुठे लावायचं, लावायचं की नाही, हे तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं.

तुमच्या घरी कोणी इन्सुलिन घेत असेल तर त्यांनाही एक सांगा. कातडी गार असावी, औषध गार नसावं. फ्रिजमधून काढून लगेच टोचलेलं इन्सुलिन जास्त झोंबतं. वापरात असलेली बाटली किंवा पेन सावलीत, घरातल्या थंड जागी ठेवता येतं. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पाण्याच्या मडक्याशेजारी. लसीला मात्र हा नियम लावायचा नाही. लस तळहातात चोळून कोमट करायला सिस्टरना सांगू नका, ती थंडच राहायला हवी. आणि तान्ह्या बाळाला बर्फ नको. त्याला टोचताना पदराखाली घ्या. आईचं दूध पीत असलेलं बाळ कमी रडतं, हे मी हजार वेळा पाहिलं आहे.

एक शंका तुम्ही लिहिली नाहीत, पण मनात असेल. बर्फाने सर्दी होईल का? नाही. हातावर दोन मिनिटं धरलेल्या बर्फाने सर्दी होत नाही. रक्त चढताना मात्र तिला चादर पांघरा, आणि त्या वेळी थंडी वाजून हुडहुडी भरली तर ते तुमच्या बर्फामुळे आहे असं समजून गप बसू नका, ताबडतोब सिस्टरना हाक मारा. रक्त चढताना येणारी थंडी ही वेगळी गोष्ट आहे, ती लगेच सांगावीच लागते.

सगळ्याच मुलांना बर्फ आवडत नाही. काहींना गार लागणंच नकोसं होतं. तुमच्या लेकीला त्याचा एकदा उपयोग झालेला आहे, ही जमेची बाजू. तरी दवाखान्यात नेण्याआधी रविवारी घरीच एकदा करून बघा, सुई नाही, काही नाही. तिच्याच हाताने तिला बाहुलीच्या हातावर बर्फ धरू दे, मग स्वतःच्या. किती आकडे मोजल्यावर हात बधिर होतो ते तिला मोजू दे. वीस म्हणाली तर वीस. दवाखान्यात तोच आकडा तुम्ही दोघींनी मोजायचा.

गुरुवारी कोणता हात द्यायचा हे शक्य असेल तर तिला ठरवू दे. आणि पेप्सीकोला दोन न्या, एक हातावर धरायला आणि दुसरा वेगळ्या डब्यात, पट्टी चिकटवून झाल्यावर खायला. रंग तिलाच निवडू दे.